मे महिन्यात आईला मोठ्याने वाचून दाखवलेल्या तीन कादंबऱ्या, आणि पुढे काय वाचू?

निंबोणी:
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं मेच्या सुरुवातीला, डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं सांगितलेलं, आणि तिला तर दुपारी पुस्तक हातात नसेल तर चैन पडत नाही, म्हणून म्हटलं मी वाचते तू ऐक. महिनाभरात तीन झाल्या. उद्धव शेळक्यांची 'धग' (1960), माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आणि रा. रं. बोराडेंची 'पाचोळा' (1971).

'धग' मी कॉलेजात असताना तीस पानांवर सोडली होती, वऱ्हाडी संवाद डोक्यात शिरतच नव्हते. आई अमरावतीकडची, मी पुण्यात वाढलेली. पहिल्याच दिवशी मी कौतिकचं, म्हणजे 'धग'च्या नायिकेचं, एक वाक्य वाचलं आणि आई काळा चष्मा लावून पडल्या पडल्या म्हणाली, "असं नाही गं, 'काहून' (म्हणजे 'का') एवढं तोडून नको म्हणू, थोडं ओढ." मग मी म्हणायचं, ती दुरुस्त करायची, असं करत करत चौथ्या दिवशी माझ्या तोंडात ती बोली बसली, आणि मग कळलं की कौतिकचा सगळा ताठा त्या बोलण्यातच आहे. ती महादेवाला, नवऱ्याला, बोलते ना, ते नुसतं नजरेने वाचलं की भांडण वाटतं, मोठ्याने वाचलं की त्यातली काळजी ऐकू येते. शेवटाकडे आईनेच दोन दिवस थांबायला सांगितलं. तिची आजी तशीच होती म्हणे, घर ओढता ओढता संपलेली.

'पाचोळा'मध्ये तर सगळी गोष्टच गंगाराम शिंप्याची बायको सांगते, तीही तिच्या मराठवाडी बोलीत, मध्ये लेखक कुठे येतच नाही. नवरा हट्टाला पेटलाय, गावातल्या बड्या माणसाशी बिनसलंय, आणि हिला सगळं दिसतंय पण हिचं कोणी ऐकत नाही. ऐकायला आपणच. (धगमधलं घरही शिंप्याचंच, हे आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही.)

'बनगरवाडी' सुंदर आहे पण मला जरा लांबून बघितल्यासारखी वाटली, मास्तर बाहेरून आलेला, तो प्रमाण मराठीत सांगतो आणि माणसं माणदेशीत बोलतात. कुणाला असं वाटलंय का? आणि जूनसाठी सुचवा प्लीज, बोलीतलं हवं, कोकण किंवा खानदेश चालेल, कोल्हापूरकडचंही चालेल.

माणदेशी पोरगं:
ताई बाकी सगळं पटलं पण बनगरवाडीचं नाही पटलं. मास्तर बाहेरचा आहे हेच तर त्यातलं मोठं आहे, शाळेत पोरं नाहीत, लोक त्याच्याकडे सगळी कामं घेऊन येतात, आणि हळूहळू तो त्यांचा होतो. एकच बैल असलेल्या शेकूची बायको दुसऱ्या बाजूने स्वतः जू खांद्यावर घेते ते आठवा. तिथे मास्तर रडला असता तर ते पान पडलं असतं. तो नुसता बघतो आणि सांगतो, म्हणून आपल्याला गिळवत नाही. मी आटपाडीकडचा, आमच्याकडे आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, पण आजोबा अजून दुष्काळात मेंढरं घेऊन कुठे कुठे गेले ते सांगतात तेव्हा मला कादंबरीच्या शेवटचं ते रिकामं गाव दिसतं. परत एकदा वाचा, एका बैठकीत.

पाणकोंबडी:
कोकणातलं म्हणाल तर पेंडश्यांची 'गारंबीचा बापू' घ्या, 1952 ची, दापोलीकडचा मुलूख. बापू आणि राधा दोघंही गावाला पुरून उरतात, आणि आईंना तीन दुःखी कादंबऱ्यांनंतर जरा दम घ्यायला मिळेल. पण बोलीचाच हट्ट असेल तर कोल्हापूरकडच्या कृष्णात खोतांची 'रिंगाण', 2023 चं साहित्य अकादमी मिळालेली. धरणाने उठवलेली माणसं आणि मागे सोडून दिलेली जनावरं. माझ्या घरी म्हशी होत्या लहानपणी, त्यामुळे मला ती सलग वाचवली नाही, दर काही पानांनी उठून पाणी प्यायचे. मोठ्याने वाचायला एकदम बरोबर आहे, वाक्यं बोलल्यासारखीच आहेत.

केळीचं पान:
खानदेश म्हणजे नेमाडेंची 'कोसला' आलीच (1963), पण ती तुम्हाला हवी तशी बोलीतली नाही, नायक पांडुरंगाची स्वतःची वेगळीच भाषा आहे. आईंना वाचून दाखवणार असाल तर एक सांगते, मनीचा, म्हणजे पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचा, भाग आधी एकटीने वाचून घ्या. मी बहिणीला वाचून दाखवत होते, आवाजच फुटेना, शेवटी पुस्तक तिच्याकडे दिलं आणि तिने वाचलं.

निंबोणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. @माणदेशी पोरगं, तुमचं शेकूच्या बायकोचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो, तूच घाईत वाचलंस." दुपारी ते प्रकरण परत काढलं, आणि खरंच, मी वाऱ्यावर वाचून गेले होते. आता रविवारी सकाळी बसून सगळी परत वाचणार. जूनला रिंगाण नक्की केलीय, आईचंही माहेर म्हशींचंच. कोल्हापूरकडचं कोणी असेल तर अडलेले शब्द विचारत राहीन इथे.