रॉबिन हूड (१९३८) घरी नीट बघायचाय – डिस्क कुठली, प्लेअर कुठला?

कल्याण_स्लो (शनिवार, रात्री ९.४०)
मंडळी, सल्ला हवाय. एरल फ्लिनचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' घरी चांगल्या प्रतीत बघायचा आहे. बाबांनी कॉलेजात असताना मॅटिनीला पाहिला होता. त्यांच्या मते तो सिनेमा गुलाबी आहे. म्हणजे झाडं, घोडे, किल्ला, सगळंच गुलाबीसर. आता यूट्यूबवरचे हिरवेगार तुकडे दाखवले तर म्हणतात, "हा तो नव्हेच."
टीव्ही ५५ इंची ४के, साधा एलईडी. प्लेअर नाही. बजेट डिस्क धरून एकूण दहा हजार. खरंच दहा. ताई डिसेंबरात न्यू जर्सीहून येतेय, डिस्क ती आणू शकेल.
प्रश्न: डीव्हीडी की ब्लू-रे? अमेरिकेतली डिस्क इथे चालते का? प्लेअर कुठला घ्यावा?
'ओटीटीवर बघा' सांगू नका, शोधून झालंय.

पावशेर_भजी
ओटीटीवर बघा ना सरळ. डिस्क कोण घेतं आता?

कल्याण_स्लो
शेवटची ओळ वाचा _/\_

ओएलईडी_शिवाय_नाही
आधी टीव्ही बदला. राग मानू नका, पण साध्या एलईडीवर काळा हा राखाडीच दिसतो. शेवटच्या द्वंद्वात रॉबिन आणि खलनायक सर गाय कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जातात आणि खांबावर फक्त त्यांच्या सावल्या लढतात. तो शॉट ओएलईडीवर बघा, मग बोला. मी ६५ इंची घेतलाय, जोडीला पॅनासॉनिकचा यूबी८२० हा ४के ब्लू-रे प्लेअर, अमेरिकेत पाचशे डॉलरच्या आसपास मिळतो. ताई येतेच आहे तर बॅगेत टाकायला सांगा. बजेट थोडं ताणा.

भाऊ_पेठेतले
'थोडं'. बरं.
दहा हजार लिहिलंय त्यांनी. वर 'खरंच दहा' असंही लिहिलंय. वाचनाचे क्लास निघाले की कळवतो.

लेस्टरवाडी
रीजनचं (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल, ते कुलूप) सांगतो, कारण इथे राहून मी यात चांगलाच पोळलोय. ब्लू-रेला तीन रीजन असतात. अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. डीव्हीडीला अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. ४के डिस्कला रीजनची भानगड नसते. पण वॉर्नरच्या ब्लू-रे सहसा कुठल्याही रीजनच्या प्लेअरवर चालतात आणि रॉबिन हूड वॉर्नरचाच आहे, त्यामुळे ताईंना आणू द्या. अमेरिकेतली डीव्हीडी मात्र आणू नका. इथल्या प्लेअरने 'रीजन चुकीचा' म्हणून तोंड फिरवलं की झालं.
रच्याकने, आमच्या घरापासून शेरवूडचं जंगल गाडीने फार लांब नाही. मेजर ओक नावाचा टेकू लावलेला म्हातारा वृक्ष दर पाहुण्याला दाखवून आणतो. पाहुणे म्हणतात, सिनेमातलं जंगल जास्त भारी होतं. ते कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या बिडवेल पार्कात शूट झालंय, करणार काय.

कोल्हापुरी_झटका
भावा, साउंडबार घे आधी. ॲटमॉसवाला. तलवारी कानाशेजारून जातात बघ. मी दसऱ्याला घेतला, नाद खुळा.

जुनी_रीळ
मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच मार्गाचा आहे हो. कानाशेजारून काहीही जाणार नाही.

धागाकर्ते, बाबांचा गुलाबी रंग खरा असण्याची बरीच शक्यता आहे. हा सिनेमा तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये चित्रित झाला. कॅमेऱ्यातलं प्रिझम प्रकाश विभागतं आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांची नोंद एकाच वेळी तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर होते. त्यावरून रंगद्रव्यांचे ठसे मारून प्रिंट बनवत. अशी प्रिंट सहसा रंग सोडत नाही. पण पुढे पुनःप्रदर्शनासाठी अनेक जुन्या सिनेमांच्या स्वस्त प्रिंट ईस्टमन फिल्मवर निघाल्या, आणि त्यांतला निळा-हिरवा उडून गुलाबी तेवढा उरायचा. बाबांच्या वाट्याला तसली आली असावी.

मूळ निगेटिव्ह कृष्णधवल असल्यामुळे त्यातला रंग उडायचा प्रश्नच नाही. अडचण वेगळीच होते. तिन्ही पट्ट्या इतक्या वर्षांत कमी-जास्त आकसतात. एकावर एक नीट बसल्या नाहीत की माणसांच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि चित्र मऊ पडतं. वॉर्नरने तिन्ही वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर केसाच्या फरकाने जुळवल्या, त्या प्रक्रियेला त्यांनी अल्ट्रा-रिझोल्यूशन नाव दिलं. २००३ ची दोन डिस्कची डीव्हीडी त्यातूनच आली, २००८ ची ब्लू-रेही. म्हणून डीव्हीडीही वाईट नाही, पण ५५ इंचावर ब्लू-रेच घ्या. नायिका मॅरियनच्या झग्यांवरची जर आणि चिलखताच्या कड्या तिथे खऱ्या दिसतात.

भाऊ_पेठेतले
जर कसली, रंग बघा आधी. दिवाळीतलं साड्यांचं दुकान वाटतं. रिस्टोरेशनच्या नावाखाली भडक करून ठेवतात. मी पुण्यात अलका टॉकीजला पाहिला तेव्हा असा नव्हता.

जुनी_रीळ
तो तेव्हाही भडकच होता, मुद्दाम. टेक्निकलर कंपनी कॅमेऱ्यासोबत स्वतःची रंगसल्लागार पाठवायची, नॅटली कॅल्मस. कुठल्या दृश्यात कुठला झगा, यावर तिचा शब्द चाले. स्टुडिओने सुमारे २० लाख डॉलर ओतले होते, वॉर्नरचा तोवरचा सगळ्यात महाग सिनेमा. रंगाचे पैसे मोजल्यावर रंग दिसायलाच हवा ना.

भाऊ_पेठेतले
मी पाहिलाय, तुम्ही वाचलंय. असो.

नेमबाज
बाण दुसऱ्या बाणाला उभा चिरतो तो शॉट खरा आहे हे किती जणांना माहीत आहे? हॉवर्ड हिल नावाच्या धनुर्धराने मारलाय, ट्रिक नाही.

मेकॅनिकल_९४
हिल मोठा धनुर्धर होता आणि सिनेमासाठी बाण त्यानेच मारले, मान्य. पण लाकडी बाण टोकापासून पिसांपर्यंत उभा फाटणं जमत नाही. चीर लाकडाच्या रेषेने जाते आणि रेषा बाणाच्या बाजूने बाहेर पडते. फार तर वरचा तुकडा निघेल. फाटायचा बाण वेगळा बनवलेला असणार.

नेमबाज
तुम्ही धनुष्य हातात धरलंय का कधी?

मेकॅनिकल_९४
लाकूड धरलंय.

पावशेर_भजी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तंबोरा
संगीताबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. संगीतकार कोर्नगोल्डने याच सिनेमासाठी १९३८ च्या सुरुवातीला व्हिएन्ना सोडून हॉलीवूड गाठलं, आणि मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला. कोर्नगोल्ड ज्यू होता. याच संगीताला ऑस्कर मिळालं. डिस्कवर फक्त संगीताचा वेगळा ट्रॅक आहे, संवाद-आवाज काही नाही, नुसता वाद्यमेळ. तो जरूर ऐका.

आणि लेस्टरवाडींनी एक सांगितलं नाही. युरोपातली किंवा आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी घेऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल चालतं २५ ने. म्हणजे सगळं चार टक्के पळवतात. १०२ मिनिटांचा सिनेमा ९८ मिनिटांत उरकतो आणि सूर चढतो तो वेगळाच. पांढरी एकमधलं काळी एकच्या जवळ जाऊन बसतं. माझ्याकडे अशी एक डिस्क होती, तुताऱ्या सुरू झाल्या की मला कसंतरीच व्हायचं. ब्लू-रे २४ नेच चालते.

कोल्हापुरी_झटका
ताई, काळी एक-पांढरी एक आमच्या कानाला काय कळणार. साउंडबारवर बास वाढवला की झालं.

रत्नागिरी_सडा
डिस्क घ्याल, पण ठेवाल कुठे ते आधी ठरवा. आमच्याकडे पावसात डीव्हीडींवर बुरशी येते, चंद्रावरच्या डागांसारखी. प्लास्टिकच्या पाकिटांत दाबून ठेवल्या तर जास्तच. मूळ डबीतच उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा गेला की प्लेअर तिथेच अडतो.
दुसरं म्हणजे, डिस्क ऑनलाइन मागवणार असाल तर उलटी करून बघा. कारखान्यात छापलेली खालून चंदेरी असते. मला एका विक्रेत्याने 'ओरिजिनल' म्हणून पाठवली ती खालून जांभळी, घरी बर्न केलेली, कव्हर रंगीत झेरॉक्स. आत सिनेमा १९७३ चा कार्टूनवाला, ज्यात रॉबिन हूड कोल्हा आहे. नातवंडं खूश झाली, ती गोष्ट वेगळी.

पिंपळपार
हेच लिहायला आलो होतो. डिस्क खालून चंदेरी हवी. जांभळी असेल तर परत करा.

लेस्टरवाडी
जांभळ्याबद्दल +१. आणि रीजन विसरू नका, भारत सी.

ओएलईडी_शिवाय_नाही
मूळ प्रश्नाकडे वळू या. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करतो ते, बंद केलं का? सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन म्हणतात. चालू राहिलं तर शेरवूडचं जंगल संध्याकाळच्या मालिकेसारखं दिसतं, सून कधी येते असं वाटतं. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, शार्पनेस शून्याकडे न्या. हे फुकट आहे, बजेटवाल्यांनी नोंद घ्यावी.

भाऊ_पेठेतले
हा पहिला कामाचा प्रतिसाद. नोंद घेतली.

जुनी_रीळ
अजून एक फुकटातलं. चित्राचा आकार १.३७ ला १ आहे, म्हणजे जवळपास चौकोनी. डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच. झूम केलंत तर फ्लिनच्या टोपीचं पीस कापलं जाईल, ताणलंत तर रॉबिनचा जाडा साधू दोस्त फ्रायर टक आहे त्याहून रुंद होईल.
प्लेअरबद्दल: सॅमसंगने ब्लू-रे प्लेअर २०१९ मध्येच बंद केले, एलजीने २०२४ मध्ये. नवा मिळाला तर घ्या, नाहीतर ओळखीतून वापरलेला साधा ब्लू-रे प्लेअर. ४के प्लेअरची या डिस्कसाठी गरज नाही. मात्र जुना गेमिंग कन्सोल घेऊ नका. लेझर झिजलेलं असतं, पंखा ओरडतो, आणि रिमोट नसतो म्हणून आईबाबांना चालवता येत नाही.

पिंपळपार
कन्सोलला माझाही विरोध. साडूच्या मुलाने विकला होता, डिस्क आत घेतली ती बाहेरच आली नाही.

लेस्टरवाडी
कन्सोल नकोच.

ओएलईडी_शिवाय_नाही
पीएस५ घ्यायचा तर घ्या, डिस्क ड्राइव्हवाला. जुना नको.

कोल्हापुरी_झटका
पीएस५ घे भावा, पोरं पण खेळतील.

भाऊ_पेठेतले
दहा हजारात. हो, हो.

अवांतर_आजोबा
विषयांतराबद्दल क्षमस्व. परदेशातले लोक १९३८ च्या सिनेमाच्या तीन-तीन पट्ट्या जपून ठेवतात आणि आपण? २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या (जुनी, चटकन पेटणारी फिल्म) साठ्याला आग लागली, प्रभातची रिळं त्यात गेली. त्यावर कुणी धागा काढत नाही. आपल्याकडचे पोशाखी, तलवारबाजीचे जुने मराठी सिनेमे असे स्वच्छ होऊन कधी बघायला मिळणार? आपणांस रॉबिन हूड लखलाभ.

जुनी_रीळ
आजोबा, वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

नेमबाज
नायट्रेटवरून आठवलं, त्या बाणाच्या शॉटबद्दल अजून कुणी पुरावा दिलेला नाही.

मेकॅनिकल_९४
पुरावा दावा करणाऱ्याने द्यायचा असतो.

तंबोरा
तुमच्या बाणांना वेगळा धागा द्या कुणीतरी.

कल्याण_स्लो (जानेवारी)
सर्वांचे आभार. काय केलं ते सांगतो, शिव्या घालू नका.
ताईने ब्लू-रे आणली. खालून चंदेरी, तपासली. ऑफिसातला एक जण जुना प्लेस्टेशन ३ काढत होता, तो घेतला. डिस्कसकट दहाच्या बराच आत बसलो. डिस्क लगेच चालली, रीजनने काही त्रास दिला नाही. पंखा ओरडतो, कबूल, पण पहिल्या तुताऱ्यांनंतर ऐकू येत नाही. रिमोट नाही, त्यामुळे बाबांनी गेमचं कंट्रोलर हातात धरून सिनेमा पाहिला.
स्मूदिंग बंद केलं, जमीन-अस्मानाचा फरक पडला. रॉबिन हरीण खांद्यावर घेऊन राजपुत्राच्या मेजवानीत शिरतो आणि ते टेबलावर आपटतो, तिथे बाबा उठून टीव्हीजवळ गेले. म्हणे मागच्या भिंतीवरचे पडदे त्यांना कधी दिसलेच नव्हते.
काळ्या पट्ट्यांचं मात्र जमलं नाही. दहा मिनिटांत म्हणाले, "पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत ना?" आणि स्वतःच चित्र ताणून घेतलं. फ्रायर टक खरंच रुंद झालाय. दुसऱ्या दिवशी एरल फ्लिन बाजूला ठेवून 'रॅबिट हूड' दोनदा लावलं. डिस्कवर बग्ज बनीचं ते १९४९ चं कार्टून आहे, शेवटी खरा फ्लिन क्षणभर येऊन जातो.
संगीताचा ट्रॅक आईला आवडला, स्वयंपाक करताना लावते.

जुनी_रीळ
ताणून?!

तंबोरा
आईंना नमस्कार सांगा.

भाऊ_पेठेतले
बाबांशी सहमत. आणि रंग भडक आहेत की नाही ते सांगितलं नाहीत.

कल्याण_स्लो
बाबा म्हणतात सिनेमा गुलाबीच चांगला होता, पण हाही चालेल.

ओएलईडी_शिवाय_नाही
एलईडीवर बघितलंत, त्यामुळे सावल्यांच्या शॉटबद्दल काही विचारत नाही.

पिंपळपार
धागा वर आलाच आहे तर विचारतो. कोथरूडमध्ये ७५ इंची टीव्ही भिंतीवर नीट लावून देणारा कुणी माहीत आहे का? बजेट दोन हजार. भिंत जिप्समची आहे.

कोल्हापुरी_झटका
भिंत पाड भावा, विटांची घे.