न्यूपोर्ट १९६५: डिलनचा मैलाचा दगड की नुसती दंतकथा?

जुनी_कॅसेट: २५ जुलै १९६५ ला अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, जिथे साध्या गिटारीचीच रीत, तिथे लोकगायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, लोकांनी हुर्यो उडवली आणि रॉकचा इतिहास बदलला. ही कथा मला फार फुगवलेली वाटते. मार्चमध्ये आलेल्या त्याच्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू बँडसोबतच होती. त्याचंच 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' हे गाणं द बर्ड्स या बँडने इलेक्ट्रिक करून जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेलं. त्याचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' तर त्या रात्रीच्या पाच दिवस आधी बाजारात आलेलं. मग धक्का कसला? वरात पुढे गेल्यावर फटाके.

सातारी_बेस: वरात रेडिओवरून गेली, देवळातून नाही. न्यूपोर्ट लोकसंगीतवाल्या मंडळींचं देऊळ होतं. १९६३ ला तिथेच डिलन, जोन बाएझ, पीट सीगर वगैरे लोकगायक सगळे मिळून 'वी शॅल ओव्हरकम' गायले होते. दोन वर्षांत तोच गडी लेदर जॅकेट घालून हजर!

जुनी_कॅसेट: त्याच देवळात पॉल बटरफील्डचा ब्लूज बँड डिलनच्या आधी इलेक्ट्रिक वाजवून गेला होता. त्यांची ओळख करून देताना लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने टोमणे मारले, त्यावरून तो आणि डिलनचा मॅनेजर ग्रॉसमन चक्क हातघाईवर आले. डिलनने त्याच बँडमधले वादक उचलले.

सातारी_बेस: म्हणजे वाद तिथेच पेटलेला. माझंच बोललात की!

साउंडवाला_बाब्या: हुर्यो कशाबद्दल होती तेच अजून ठरलेलं नाही. आवाज फाटत होता, शब्द कळत नव्हते. सीगर कुऱ्हाड घेऊन केबल तोडायला धावला म्हणतात. तो स्वतः सांगायचा, कुऱ्हाड असती तर तोडली असती एवढंच बोललो, आणि रागही आवाजाचाच होता. त्यात बँडसोबत गाणी फक्त तीन, कारण तालीम आदल्या रात्रीपुरती. नंतर साधी गिटार घेऊन परत आला, पण मुख्य गडी तीन गाण्यांत उठला तर गणपतीच्या मांडवातही लोक बोंब मारतील.

सातारी_बेस: मग मे १९६६ चा डिलनचा मँचेस्टरचा कार्यक्रम? प्रेक्षकांतून कोणीतरी 'जूडास!' ओरडलं. ख्रिस्ताला विकणाऱ्याचं नाव घेऊन कोणी साउंडवाल्याला शिव्या देत नाही, बाब्याशेठ.

जुनी_कॅसेट: मग दगड मँचेस्टरला रोवा. गंमत म्हणजे ते रेकॉर्डिंग कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून चोरून विकलं जात होतं. दगडावर गावाचं नावच चुकीचं!

उशिरा_आलेली: न्यूपोर्ट एवढं किरकोळ असतं तर डिलन तिथे थेट २००२ मध्ये परत गेला असता का? ३७ वर्षांनी, तेही विग आणि खोटी दाढी लावून.

सातारी_बेस: घ्या!

जुनी_कॅसेट: दाढीपुरती माघार. पण बर्ड्सचा जून अजून कोणी खोडलेला नाही.