मिंट टाकल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे

प्रश्न: विंडोज 10 शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे. शिवाय मिंटमध्ये डी ड्राइव्ह उघडतो, पण फाइल सेव्ह होत नाही.

उत्तर 1: मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. म्हणून बरोब्बर साडेपाच तास! मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ ही कमांड चालवा. मदरबोर्डचा सेल बदलायला धावू नका.

उत्तर 2: ड्राइव्हचं कारण बहुतेक फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज पटकन सुरू करायची सोय. त्यात विंडोज पुरतं बंद होतच नाही, म्हणून लिनक्स ते पार्टिशन (डिस्कचा तो भाग) फक्त वाचण्यापुरतं जोडतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपची टिक काढून शट डाउन करा. ते जबरदस्तीने लिहिण्यासाठी जोडलंत तर डेटा बिघडू शकतो.

प्रश्नकर्ता: घड्याळ जमलं. टिक मात्र धूसर, हलत नाही.

उत्तर 2: त्याच पानावर वर ‘चेंज सेटिंग्ज…’ अशी निळी ओळ आहे, आधी तिच्यावर क्लिक करा.