मदत हवी आहे: लेकीचे त्रिकोण आणि सासूबाईंची गोधडी

नमस्कार मंडळी. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी लेकीला दाखवली, ती मीच! आता घरभर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. त्रिकोण जमतो, घनाकृती मात्र डुगडुगते. मग ती चिडून सगळं फेकते. मी हात लावला की तिचा रसच संपतो. नुसतं 'छान छान' म्हटलेलंही तिला बरोबर कळतं.

तिचं बघून सासूबाईंनाही जुन्या नऊवारीची गोधडी शिवावीशी वाटतेय. ठिगळांची नक्षी डोक्यात पक्की आहे, पण रोज लुगडं काढतात, "या वयात कुठे" म्हणत परत घडी घालतात.

दोघींच्या मध्ये न लुडबुडता हुरूप कसा टिकवायचा? तुमच्या घरी काय चाललं, काय फसलं? आणि गोधडीचा पहिला टाका कोपऱ्यातून घालतात ना?