जुन्या पिकअपची चासी रंगवायची आहे, ब्रशने काय मारू?

मंदगती
१९७० ची शेव्हरोले सी-टेन, लाँग बेड, १२७ इंच व्हीलबेस, टू-व्हील ड्राइव्ह. केबिन आणि मागचा हौदा उतरवलाय, इंजिन काढलंय, चासी स्टँडवर आहे. पुढचं सस्पेन्शन अजून जागेवर. पुढच्या अर्ध्या भागावर बोटभर ग्रीस-माती, मागच्या अर्ध्यावर गंज. हातोडीने ठोकत गेलो, भोक कुठे नाही.

हाताशी काय आहे: साडेचार इंची ग्राइंडर, प्रेशर वॉशर, टायरला हवा भरण्यापुरता कंप्रेसर. स्प्रे गन नाही. बजेट आधीच सांगतो म्हणजे वेळ वाचेल: ब्लास्टिंग (हवेच्या जोराने कण मारून गंज उडवणं) आणि पावडर कोटिंग (रंगाची कोरडी भुकटी भट्टीत भाजून बसवणं) बसत नाही. सफाईचं सामान, प्रायमर आणि रंग, एवढंच. गाडी प्रदर्शनाची नाही, पावसात चालणार. ब्रशने लावता येईल असं काय घेऊ आणि किती लागेल?

आरसा_फिनिश
पावडर कोटिंग. ब्लास्ट करून थेट पावडर. बाकी सगळं करून पुन्हा तिथेच याल.

गंजपुराण
@आरसा_फिनिश, त्यांनी बजेटमध्ये काय लिहिलंय ते वाचलं का?
शिवाय ही रिव्हेटची चासी आहे. क्रॉसमेंबर, म्हणजे आडवी पट्टी, आणि बाजूची पट्टी जिथे एकमेकांवर बसतात, तिथे पन्नास वर्षांचं तेल मुरलेलं असतं. पावडर साधारण २०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या तापाला तेल पातळ होऊन फटीतून बाहेर येतं आणि बरोबर सांध्यावरच टाचणीएवढी भोकं राहतात. पुढे कुठे दगड लागून टवका उडाला की पाणी पावडरच्या खाली सरकत जातं. वरून काळीकुळकुळीत, खालून गंज. आणि तेवढ्या तुकड्याला पुन्हा पावडर मारता येत नाही.

आरसा_फिनिश
काम जाणणारा माणूस चासी आधी कोरडीच भट्टीत घालतो, तेल बाहेर काढतो, पुन्हा ब्लास्ट करतो आणि मगच पावडर. स्वस्तात करून घेतलं की भोकं पडणारच. माझ्या चासीवर एक नाही.

दोन_डबे
पोर-१५. गंज आहेच, आणि तो रंग गंजावरच चांगला धरतो. ब्रशने लागतो, पसरून स्वतःच सपाट होतो.
हिशेब घ्या. बाजूची एक पट्टी साधारण ५ मीटर. उघडी सी-सेक्शन असल्याने आतली-बाहेरची बाजू मिळून घेर अर्ध्या मीटरच्या थोडा वर. दोन्ही पट्ट्यांचे साडेपाच चौरस मीटर. क्रॉसमेंबर, ब्रॅकेट, मागचा अॅक्सल धरणारे ट्रेलिंग आर्म धरून ९ च्या आसपास. एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडा कमी, एका हाताला साधारण ९ चौरस मीटर जातो. दोन हातांना दोन डबे.

पायऱ्या: डिग्रीझर, भरपूर पाण्याने धुणे. मग फॉस्फेटचं मेटल प्रेप (रंगाआधी लावायचं अॅसिडचं द्रावण), पृष्ठभाग १५-२० मिनिटं ओला ठेवायचा, सुकू लागला तर पुन्हा फवारायचं. पुन्हा पाणी. पूर्ण कोरडं. पहिला हात. त्याला बोट लावल्यावर किंचित ओढ जाणवते पण बोटाला रंग लागत नाही, तेव्हा दुसरा. डब्यातून थेट ब्रश घेऊ नका, वाटीत ओतून घ्या आणि उरलेलं परत डब्यात टाकू नका. झाकणाच्या खोबणीत रंग राहिला तर डबा जन्मात उघडणार नाही, मध्ये प्लास्टिकचा कागद घाला. हातमोजे घाला, कातडीवर लागला की कातडी झडेपर्यंत तो जात नाही.

पापुद्रा
आणि दोन वर्षांनी हातभर लांबीचा पापुद्रा सोलून निघतो, तो डबीत जपून ठेवा.

दोन_डबे
पायऱ्या गाळल्या की निघणारच.

पापुद्रा
एकही गाळली नव्हती. कारण वेगळं आहे आणि ते इथे लागू पडतं. पुढच्या अर्ध्या भागावर ग्रीस आहे म्हणजे त्याखाली गंज नाही, कंपनीचा जुना रंग नाहीतर गुळगुळीत लोखंड आहे. इंजिनच्या गळतीनेच तो भाग वाचवलाय. पोर-१५ ला धरायला खडबडीतपणा लागतो. मागे गंजावर पक्का बसेल, पुढे सोलून निघेल. त्यातून ग्राइंडरला तारेचा कप लावला की गुळगुळीत भाग आणखी गुळगुळीत होतो. तार गंज उडवते कमी आणि घासून चकचकीत जास्त करते. चमकलं म्हणजे साफ झालं असं वाटतं, खड्ड्यांत गंज तसाच असतो. तारेनंतर ८० नंबरचा पेपर किंवा फ्लॅप डिस्क सगळीकडे फिरवायलाच हवी.

दुसरं, हा रंग हवेतल्या ओलाव्याने सुकतो आणि सुकताना वायू सोडतो. रिव्हेटच्या फटीत धुण्याचं पाणी राहिलं तर तिथे फुगे. धुतल्यावर हीट गनने प्रत्येक सांधा गरम करा, नाहीतर दोन दिवस उन्हात राहू द्या.

पान्हा_तेरा
रंगाचं नंतर बघा. चासीला वेल्डिंग करायचंय का? इंजिन तेच बसणार की दुसरं? इंजिन ज्यावर बसतं ते माउंट तिथेच राहणार?

मंदगती
इंजिनचं अजून ठरलं नाही.

गंजपुराण
एपॉक्सी प्रायमर आणि वर काळा टू-के युरेथेन (टू-के म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा). यापुढे वाद नाही. एपॉक्सी लोखंडाला चिकटतो आणि पाणी रोखतो, फक्त उन्हाने पांढुरका पडतो म्हणून वर युरेथेन. बऱ्याच कंपन्यांचा एपॉक्सी ब्रशने किंवा छोट्या रोलरने लावता येतो, कंपनीच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. हार्डनर मिसळल्यावर कित्येकांना अर्धा तास मुरू द्यावा लागतो, ते मिनिटंही पत्रकात असतात.

एपॉक्सीखाली अॅसिडवालं काहीही नको. एचिंग प्रायमर नको, गंज काळा करणारं कन्व्हर्टर नको. अॅसिड उरलं तर एपॉक्सी तळाशी नीट पिकत नाही आणि चिकटही धरत नाही. @दोन_डबे यांचं मेटल प्रेप इथे लागू नाही.

आणि आधी ग्रीस काढा, गंज त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. आधी घासलंत तर ग्रीस ओरखड्यांत चोळलं जातं. जाड थर पुट्टीच्या पात्याने खरवडा, रॉकेलने मऊ करा, मग गरम पाणी आणि डिग्रीझर, मग प्रेशर वॉशर. घासून झाल्यावर वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, एका कापडाने ओलं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून. एकाच कापडाने पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं. जाम बोल्ट सोडवायला सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळं उमटतील.

हवाबंद
टू-के युरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वासावरून ते कळत नाही, त्यामुळे मास्कचं फिल्टर संपलं तेही कळत नाही. गनने मारायचं तर बाहेरून हवा देणारा मास्क हवा. ब्रशने धुकं उडत नाही, तरी बंद खोलीत नको. पोर-१५ लाही हेच.

छोटा_टँक
छोटा स्पॉट ब्लास्टर आणि वाळू आणा, दोन दिवसांत चासी पांढरी.

हवाबंद
वाळू नको! सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ब्लास्ट करायचंच तर गार्नेट किंवा काचेचा चुरा. आणि टायरच्या कंप्रेसरवर ब्लास्टर अर्धं मिनिट चालेल, मग पाच मिनिटं टाकी भरायची वाट पाहा. हातभर जागा साफ होईपर्यंत कंप्रेसर जळेल.

छोटा_टँक
माझा जळला नाही. तापतो, एवढंच.

नवाकोरा_७२
पावडर कोटिंगचा विचार केला का? टिकाऊ असतं.

पापुद्रा
😐

कडेकडेने
ब्रशने करणार तर रंग कुठला यापेक्षा कुठून सुरुवात करता ते महत्त्वाचं. सुकताना रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून गंज पहिल्यांदा कडेला, रिव्हेटच्या डोक्याभोवती आणि वेल्डवर दिसतो. पूर्ण हात मारण्याआधी १ इंची तिरक्या ब्रशने फक्त सगळ्या कडा, रिव्हेट, बोल्टची भोकं आणि सी-सेक्शनच्या आतले कोपरे रंगवून घ्या. मग सगळीकडे. दुसऱ्या हाताआधी पुन्हा तेच. जहाजावर आणि पुलांवर असंच करतात.

उलटी करता आली तर चासी उलटी करून तळ आधी. नाहीतर जमिनीवर आरसा ठेवून पाहा, वरच्या पट्टीखालची आतली बाजू हमखास सुटते. ट्रेलिंग आर्म काढूनच रंगवा. ते दोन सी-पट्ट्या पाठीला पाठ लावून केलेले असतात, गंज मध्ये भरतो. तिथे रंग पोचत नाही, शेवटी पातळ कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचं मेण) सोडा. पाणी निघायची भोकं सीलरने बुजवू नका. सीलर प्रायमरवर, उघड्या लोखंडावर नाही.

थंड लोखंडावर रंग नको. दवबिंदूपेक्षा लोखंड किमान ३ अंश गरम हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो. सकाळी लवकर हात मारायचा उत्साह इथेच नडतो.

आरसा_फिनिश
ट्रेलिंग आर्मवरून आठवलं, अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींच्या कप मालिकेतल्या गाड्यांनी हीच मांडणी कित्येक दशकं वापरली, २०२२ च्या नव्या गाडीपर्यंत.

छोटा_टँक
त्यांचे आर्म पिकअपचेच नव्हते पण, फक्त रचना ती.

आरसा_फिनिश
रचनाच म्हटलं मी.

दोन_डबे
वरचा रंग सेमी-ग्लॉस घ्या. फुल ग्लॉसमध्ये गंजाचा प्रत्येक खड्डा मोजता येतो. आणि पोर-१५ वर काही मारायचंच असतं, ऊन लागलं की तो फिका पडतो. पूर्ण सुकला असेल तर ३२० नंबरच्या पेपरने खरवडल्याशिवाय वरचा रंग धरत नाही.

पान्हा_तेरा
पुन्हा विचारतो, इंजिन आणि ट्रान्समिशन ठरलं का? ते बदललं तर माउंट हलतात, ट्रान्समिशनचा क्रॉसमेंबर मागेपुढे जातो, वेल्डिंग येतं. एपॉक्सी असो की पावडर, वेल्डच्या दोन्ही बाजूंना वीतभर जळतं. रंगाआधी करायची कामं वेगळी सांगतो:
कर्ण मोजा. पुढच्या आणि मागच्या सारख्या भोकांमधून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, दोन्ही तिरके अंतर जुळायला हवेत. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर रंगाचं सोडा, आधी चासी सरळ करा.
स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती आणि सस्पेन्शन बसतं तिथे लोखंड उघडं करून भेगा बघा. भेग मिळाली तर तिच्या टोकाला छोटं भोक पाडून थांबवा, व्ही आकारात खोदून वेल्ड करा. भेगेवर रंग मारला तर ती नुसती दिसेनाशी होते.
अर्थिंगच्या जागा आणि बुशच्या नळ्या झाका. सस्पेन्शनच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट ढिला पडतो, थोडं चालवून पुन्हा आवळा.
आणि चासीवर ठोकलेला नंबर शोधून ठेवा. तिथे ग्राइंडर नको, फक्त हाताने. रंगही पातळ, आकडे बुजले तर कागदपत्रांना उत्तर देत बसाल.

नवाकोरा_७२
वेल्डिंग करताना पेट्रोलची टाकी काढायला विसरू नका.

गंजपुराण
या मॉडेलला टाकी सीटच्या मागे, केबिनमध्ये असते. केबिन उतरवलेलीच आहे. चासीवर फक्त नळी राहिली असेल, ती काढा.

मंदगती
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगतो, बहुतेकांना आवडणार नाही.

इंजिन बदलणार आहे, पण पुढच्या वर्षी. तोवर माउंट कुठे येतील माहीत नाही, म्हणजे वेल्डिंग नक्की. म्हणून साधा तेली इनॅमल मारतोय. झिंक फॉस्फेट प्रायमर, वर सेमी-ग्लॉस काळा, दोन हात, मध्ये २४ तास. जिथे वेल्ड येईल तिथे ग्राइंडरने उडवायचा आणि काम झालं की त्याच डब्यातून पुन्हा लावायचा. हिशेब ९ चौरस मीटरचाच धरतो, कडांचे जास्तीचे हातही धरलेत. पुढचं सस्पेन्शन आत्ता काढत नाही, इंजिनबरोबर काढेन.

गंजपुराण
तेली रंग! ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला की सोलून येईल. आणि वर कधी टू-के मारायची इच्छा झाली तर त्याच्या थिनरने खालचा सुरकुतेल, सगळं मुळापासून काढावं लागेल.

कडेकडेने
चालेल. एकच लक्षात ठेवा, प्रायमर झिंक फॉस्फेटचाच हवा. झिंक रिच नको, जस्ताच्या भुकटीवर तेली रंगाचा साबण होतो आणि थर सुटतो. दोन्ही डब्यांवर झिंक लिहिलेलं असतं. हाताला कोरडा वाटला तरी पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातील, तोवर जॅक किंवा पट्टा रंगावर नको.

आरसा_फिनिश
इंजिन बसलं की पावडरचं बघा.

पान्हा_तेरा
माउंटच्या जागी मग रंग तरी कशाला, नुसता प्रायमर ठेवा. नंबर सापडला का?

मंदगती
सापडला. ग्रीसखाली होता, कोरल्यासारखा स्वच्छ.