‘प्रस्तावित स्टेशन ५ मिनिटांवर’ बघून पेणजवळ प्लॉट घ्यावा का?

वडखळची_सून

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही सध्या कळंबोलीला भाड्याने राहतो, मी बेलापूरला नोकरीला, मिस्टर डोलवीला शिफ्टमध्ये, म्हणजे एक जण उत्तरेला एक जण दक्षिणेला आणि मुलगी शेजारच्या काकूंकडे. म्हणून पेणच्या आसपास काही बघतोय. रविवारी एक प्लॉटिंगची स्कीम बघून आलो, एजंटने गाडी पाठवली, वडापाव काय, थंड पाणी काय, विचारू नका. साइटवर अजून नुसता मुरूम टाकलाय पण कमान मात्र बांधून तयार. आणि हा मोठा बोर्ड, त्यावर अटल सेतू, एअरपोर्ट, तिसरी मुंबई, विरार-अलिबाग कॉरिडॉर, सगळ्यांचे बाण त्यांच्याच प्लॉटकडे येतायत, आणि रुळावर एक लाल टिंब, खाली लिहिलंय ‘प्रस्तावित रेल्वे स्टेशन ५ मिनिटे’. कधी होणार विचारलं तर म्हणे ताई दोन वर्षांत लोकल सुरू, मग या भावाला हात लागणार नाही.

मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात ती सगळी भातखाचरं, श्रावणात तिथे होडी घेऊन जायला लागेल. मला एवढंच कळत नाहीये की स्टेशन नक्की ठरतं कसं, म्हणजे आधी वस्ती होते मग स्टेशन येतं का स्टेशन आलं की वस्ती? आणि पनवेलच्या पुढे लोकल येणार हे कितपत खरं धरायचं?

रुळावरचा_माणूस

ताई, बोर्डावरचं टिंब काढायला रंगाचा डबा पुरतो, त्याला रेल्वेची परवानगी लागत नाही 😀

आता नीट सांगतो. ‘प्रस्तावित’ या शब्दाच्या पोटात काहीही बसतं. एखाद्या पुढाऱ्याने पत्र दिलं तरी प्रस्तावित, सर्व्हे झाला तरी प्रस्तावित. खरं काम मंजूर झालं की ते रेल्वेच्या पिंक बुकात येतं, बजेटनंतर दरवर्षी निघतं ते, नेटवर फुकट बघायला मिळतं. मध्य रेल्वेच्या यादीत त्या कामाचं नाव आणि पुढे पैसे दिसतायत का बघा. नाव आहे आणि समोर नावापुरती रक्कम टाकलीय असं पण असतं बरं का, तेव्हा रक्कम पण बघा.

दुसरं, स्टेशन कुठेही टाकता येत नाही. यार्डात गाडी उभी राहायची तर जागा जवळपास सपाट लागते, ४०० मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त चढ चालत नाही, आणि फलाट शक्यतो वळणावर नको. नुसता हॉल्ट असेल, म्हणजे लूप (गाडी बाजूला घ्यायची जादा लाइन) नाही, सिग्नल नाही, तिकिटं बऱ्याचदा कमिशनवरचा माणूस विकतो, तर ते स्वस्तात होतं, पण मग तिथे थांबणार पॅसेंजर नाहीतर मेमू, म्हणजे विजेवरची जवळच्या अंतराची पॅसेंजर, तेवढंच.

तिसरं म्हणजे हा कोकणात जायचा मेन मार्ग आहे. पनवेल ते रोहा डबल झालंय, वर वायर पण आली, पण त्याच दोन रुळांवरून कोकण, गोवा, केरळच्या गाड्या आणि मालगाड्या जातात. मधे एक थांबा वाढवला की मागच्या गाडीला ब्रेक. त्यामुळे डिव्हिजनवाले नवीन थांबा द्यायला नाखूश असतात, आणि त्यांचं पण काही चुकत नाही. लोकल म्हणाल तर त्याला उंच फलाट लागतात, गाड्या ठेवायला कारशेड लागते, गर्दीच्या वेळी पनवेलला फलाट मोकळा लागतो. मेमूला पायऱ्या असतात म्हणून ती खालच्या फलाटाला पण लागते, दिवा-रोहा चालते ती हीच. तेव्हा एजंट ‘लोकल’ म्हणतो तेव्हा त्याला विचारा, लोकल का मेमू? तिथेच अर्धं उत्तर मिळेल.

वडखळची_सून

बापरे, एवढं असतं हे माहीत नव्हतं. पण मग नवी मुंबईत कशी पटापट स्टेशनं झाली? तिथे तर आधी स्टेशन मग बिल्डिंगा असंच दिसतं.

खारकोपरवाला

पटापट? 😂 ताई, नेरूळ/बेलापूर-उरण लाइन घ्या. २७ किलोमीटर फक्त. मंजुरी नव्वदच्या दशकातली, खारकोपरपर्यंत गाडी आली नोव्हेंबर २०१८ ला आणि पुढे उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला, त्याच दिवशी अटल सेतूचं पण उद्घाटन होतं. जमीन ताब्यात यायलाच वर्षं गेली, खाडी, मिठागरं, कांदळवन, गावकऱ्यांच्या मागण्या, सगळं मधे. आणि हे कुठे, तर जिथे खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, आणि रेल्वेचा ३३. म्हणजे दोन तृतीयांश पैसे देणारा मालक समोर उभा असताना एवढा वेळ लागला.

नवी मुंबईत गणित वेगळं होतं. जमीन सिडकोची, लाइनीला पैसे सिडकोचे, आणि स्टेशन झालं की आजूबाजूचे भूखंड चढ्या भावाने विकून तो खर्च सिडकोच वसूल करणार. वाशीला १९९२ मध्ये लोकल आली, पुढच्या वर्षी बेलापूर, मग पनवेल, सगळं याच हिशोबाने. वाशी, बेलापूरच्या स्टेशनवर डोक्यावर ऑफिसं आहेत ती उगाच नाहीत. आता बामणडोंगरी, खारकोपरला स्टेशनला लागूनच सिडकोने घरं काढली, मी त्यातलाच एक. उतरलो की चालत घरी, रिक्षावाल्याचं तोंड बघायला लागत नाही, हे सुख आहे, खोटं कशाला बोलू.

तुमच्या पेणच्या स्कीमवाल्याला फक्त एक विचारा, स्टेशनचे पैसे कोण देणार? तो देणार नाही. रेल्वे स्वतःहून देणार नाही. मग राहिलं कोण? तिसरी मुंबई म्हणून उरण-पनवेल-पेणची १२४ गावं एमएमआरडीएकडे (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण) दिलीयेत, उद्या त्यांनी सिडकोसारखं केलं तर होईल पण. पण ते स्टेशन त्यांच्या आराखड्यात जिथे बसेल तिथे होणार, एजंटच्या टिंबावर नाही.

डोंबिवली_टू_दापोली

यात भर. वस्ती झाली की स्टेशन सुधारतं असं पण धरून चालू नका. दिवा-पनवेल मार्गावर निळजे बघा. बाजूला पलावा उभं राहिलं, हजारो घरं, स्टेशन तर आधीपासूनच होतं, पण गाड्या मोजक्या. लोक कारने नाहीतर बसने डोंबिवलीला येऊन तिथली तुडुंब लोकल पकडतात आणि घराच्या बाजूने रूळ गेलेत ते बघत बसतात. म्हणून मी म्हणतो स्टेशन नका बघू, टाइमटेबल बघा. सकाळी ७ ते १० मधे तुमच्या कामाच्या दिशेने किती गाड्या सुटतात, आणि संध्याकाळी सातनंतर परत यायला काय आहे. त्यातली एक चुकली तर पुढची कधी. बाकी सगळं शोभेचं.

ओरोसचा_बाब्या

आमच्याकडचा ऐका. स्टेशन इला म्हणून गाव वसता असा नाय.

१९८१ ला जिल्हा वेगळा झाला, ओरोसला नवीन सिंधुदुर्गनगरी आखली, कलेक्टर ऑफिस, कोर्ट, क्वार्टर्स, रुंद रस्ते, सगळं कागदावर एकदम झकास. पुढे कोकण रेल्वे आली, स्टेशनला नावच ‘सिंधुदुर्ग’ दिलं. जिल्ह्याचं ठिकाण, आखीव शहर, रेल्वे स्टेशन, अजून काय पाहिजे? पण जास्त एक्सप्रेस थांबतात त्या कुडाळ नाहीतर कणकवलीला, कारण बाजार तिकडे, माणसं तिकडे. ऑफिस सुटलं की सगळे कुडाळच्या रस्त्याला लागतात. संध्याकाळी सहानंतर सिंधुदुर्गनगरीत या, चहाला सोबत शोधावी लागेल.

आणि नुसतं स्टेशन होणं म्हणजे काय हे बघायचं तर मधल्या काळात कोकण रेल्वेवर झाली ती नवीन स्टेशनं बघा, इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे. यातली बरीचशी क्रॉसिंगसाठी, कारण वीरच्या पुढे सिंगल लाइन आणि समोरून गाडी आली की कोणीतरी बाजूला उभं राहायलाच पाहिजे. रोहा-वीर तेवढं २०२१ ला डबल झालं. खारेपाटणवाल्यांना स्टेशन मिळालं, आनंद आहे, पण त्या नावावर कोणी प्लॉट विकत असेल तर थांबणाऱ्या गाड्या विचारून घ्या. फलाटावर उभं राहून एक्सप्रेस जाताना बघायला मिळते, तिकीट लागत नाही.

पेणकर_पोरगा

बाब्या 🙏🙏

अलिबागचं पण सांगा कोणीतरी. पेणवरून थळला खत कारखान्याची लाइन कधीपासून आहे, मालगाडी जाते, आणि अलिबागचा माणूस मात्र पेणला एसटीने येतो नाहीतर मांडव्याहून बोट पकडतो. रूळ असून गाडी नाही हा आमचा स्पेशल आयटम.

सातबारा_बघा

स्टेशन राहू दे बाजूला, जमिनीचं कोणी बोलतच नाही. ताई, सासूबाई बोलल्या ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. पेणच्या खाडीकडच्या बाजूला बरीचशी खारजमीन आहे, बांध घालून मिळवलेली, भरतीच्या वेळेला मोठा पाऊस आला की पाणी निघायला वाट नाही. मुरुमाचा भराव टाकून तुमचा प्लॉट वर येईल, पण मग ते पाणी बाजूच्याच्या शेतात जाणार आणि रस्ता तर पाण्यातच. जुलैत एकदा भरतीच्या वेळी जाऊन बघा, एजंटला न सांगता.

मग कागद. आधी महारेराचा (घरं-प्लॉटच्या स्कीमांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर मागा, ५०० चौरस मीटरच्या वरची प्लॉटिंग स्कीम असेल तर नोंदणी लागतेच, आणि महारेराच्या वेबसाइटवर जाऊन मंजूर लेआउट उघडून बघा, त्यात तुमचा प्लॉट नंबर आहे का. एनए (बिगरशेती) झालंय का ‘होणार’ आहे? सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर होणार का वीस जणांच्या सामाईक नावाने? सामाईक म्हणाले की तिथून उठा, चहा अर्धा राहिला तरी चालेल. आणि तो बोर्डाचा फोटो, ब्रोशर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, काही डिलीट करू नका. रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले तर भरपाई मागता येते, पण ते सिद्ध करायला कागद तुमच्याकडे पाहिजे. एजंटला म्हणा, ते ‘दोन वर्षांत लोकल’ जरा अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून द्या. चेहरा बघा मग.

रुळावरचा_माणूस

वरच्यांचं बरोबर. मी म्हणेन की होणाऱ्या स्टेशनाच्या मागे कशाला लागता, असलेली स्टेशनं आहेत ना. आपटा, जिते, हमरापूर, पेण, पुढे कासू, नागोठणे. त्यांचा भाव ‘प्रस्तावित’वाल्यांपेक्षा कमी असेल एखाद वेळेस, कारण तिथे कोणी कमान बांधलेली नाही. मेमूची वेळ तुमच्या ऑफिसला जुळते का बघा, पनवेलला उतरून बेलापूरची लोकल मिळते. जुळत नसेल तर तिथेही घेऊ नका. आणि मागणीच करायची तर नवीन स्टेशन मागण्यापेक्षा सकाळची एक जादा मेमू मागा, ती मिळायची शक्यता कितीतरी जास्त, पॅसेंजर असोसिएशनला धरून लिहा.

वडखळची_सून

सगळ्यांचे आभार. मिस्टरांना वाचायला दिलं, ते ‘हो बरोबर आहे’ एवढंच म्हणाले, म्हणजे अजून मनातून कमान गेलेली नाही. एजंटला लिहून द्या म्हटलं तर त्याने ‘सरांशी बोलून सांगतो’ केलंय, परत फोन नाही. सध्या टोकन देत नाही हे नक्की. मला वाटतं आधी वर्षभर हमरापूर स्टेशनजवळ कुठे भाड्याने राहून बघावं मेमू जमते का. कोणाच्या ओळखीत एखादं घर असेल, गावठाणातलं जुनं पण चालेल, तर सांगा.

पेणकर_पोरगा

माझ्या आत्याच्या गावात विचारतो वहिनी, पण गणपती होऊ द्या. आत्ता हमरापूर-जोह्याला माणसाला घर कोण देतोय, पडवीपासून माळ्यापर्यंत मूर्ती वाळत ठेवल्यात.