मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतला नाशिकचा नकाशा, साल कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात पंचवटीतलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, एक नकाशा सापडला. आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नकाशा इंग्रजीत आहे, एक इंचाला एक मैल मापाचा, आणि कापडावर चिकटवलेला. कागद सलग नाही. त्याचे आठ सारखे तुकडे करून, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडून ते कापडावर डकवलेत. घडी फक्त कापडावर पडते, म्हणून कागदाला इतक्या वर्षांत घडीची एकही चीर गेलेली नाही. ज्यानं हे काम केलं त्याच्या हाताचं फार कौतुक वाटतं.

खालची पट्टी मात्र वाळवीनं खाल्ली आहे, साल बहुतेक तिथेच असणार. वरच्या कोपऱ्यात ‘४७ ई/१३’ एवढं वाचता येतं. नाशिक रोड, देवळाली, भगूर सगळं आहे. दारणेच्या काठाकाठानं आजोबांची निळी पेन्सिल फिरली आहे आणि बाजूला मोडीत दोन ओळी आहेत. नाशिक रोडहून शहराकडे येणाऱ्या रस्त्यालगत आडव्या बारीक रेघांची एक ओळ दिसते, ती कसली ते कळत नाही.

वरच्या कडेला शहर अर्ध्यातच तुटतं. रामकुंड नाही, पंचवटी नाही. बाबा (वय ८१) भिंग घेऊन आमचं घर शोधत बसले होते, त्यांचा चेहराच उतरला. वरचा भाग कुणीतरी कापून नेला असं त्यांच्या मनानं घेतलंय.

साल कसं ठरवायचं? आणि एका फ्रेमवाल्यानं मी नको म्हणायच्या आत एका कोपऱ्याला सेलोटेप लावला, आता तो लॅमिनेशन करा म्हणतोय. करावं का?

प्रतिसाद:

ताई, लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही ओढून काढू नका, शाई आणि कागदाचा थर सोबत येईल. ते काम कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाचं. तोवर नकाशा उन्हापासून लांब, आम्लविरहित कागदात ठेवा. आधी दिवसाच्या उजेडात प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा.

आता बाबांना सांगा, कुणी काहीही कापलेलं नाही. हे नकाशे १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश अशा चौकोनांत पाडलेले असतात. तुमच्या चौकोनाची वरची कड म्हणजे २० अंश उत्तर अक्षांश, आणि तो नेमका आपल्या शहरातून, सीबीएसजवळून (मध्यवर्ती बसस्थानकाजवळून) जातो. रामकुंड त्याच्या उत्तरेला, म्हणून ते ४६ एच/१६ या शेजारच्या नकाशात गेलं. आपलं शहर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कागदावर कायम असं दोन तुकड्यांत राहिलंय!

सालाबद्दल: हे आकडे-अक्षर क्रमांक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे, त्यामुळे नकाशा त्याआधीचा नाही. आडव्या रेघा म्हणजे आपली ट्राम असावी. १८८९ मध्ये सुरू झालेली, घोडे ओढायचे, मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत जायची. नाशिक रोडला तिकिटं-मुद्रांक छापणारी सरकारी प्रेस दिसते का पाहा. ती १९२५ ची. प्रेस नसेल तर मोजणी बहुधा त्याआधीची. एक लक्षात ठेवा, मोजणीचं साल आणि छपाईचं साल वेगळं असतं, मधे बरीच वर्षं जाऊ शकतात. शाबूत कडांवर चुंबकीय उत्तरेचा फरक (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला) लिहिलेला आहे का तेही बघा, त्यासोबत साल देतात.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. काल रात्री बाबा आणि मी टेबललॅम्पखाली बसलो. प्रेस नाही! उजव्या कडेला चुंबकीय फरकाची ओळ सापडली, ‘१९१’ वाचता येतं, शेवटचा आकडा वाळवीनं नेला. वीस अंशांचं सांगितल्यावर बाबांनी वहीत आडवी रेघ मारली, वर घर काढलं आणि खाली ट्राम.

आता त्यांना दुसरा अर्धा भाग हवा आहे. ४६ एच/१६ ची याच काळातली प्रत नाशिक किंवा पुण्यात कुठे पाहायला मिळेल? आणि मोडी वाचणारं कुणी आहे का इथे?